डक्टेड हीटिंग: व्हेंट जमिनीत घ्यावेत की छतात?

डक्टेड हीटिंग म्हणजे एका यंत्रात तापवलेली हवा मोठ्या नळांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्याखोल्यांत नेणं; खोलीत ती जिथून बाहेर पडते ते जाळीचं तोंड म्हणजे व्हेंट. तो कुठे हवा हे ठरवण्याआधी एका सरळ काठीला तीन साधे थर्मामीटर बांधा. पहिला जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, दुसरा १.१ मीटरवर, तिसरा १.७ मीटरवर. म्हणजे एक घोट्याशी, एक बसलेल्या माणसाच्या डोक्याशी आणि एक उभ्या माणसाच्या डोक्याशी. हीटिंग सुरू होऊन तासभर झाला की ही काठी तुम्ही खरोखर जिथे बसता तिथे पंधरा मिनिटं उभी ठेवा आणि आकडे वाचा. खालच्या आणि मधल्या आकड्यात ३ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असेल, तर थर्मोस्टॅट कितीही चढवा, डोकं तापेल आणि पाय गारच राहतील. हा ३ अंशांचा आकडा माझ्या मनाचा नाही. आयएसओ ७७३० (आंतरराष्ट्रीय) आणि ॲशरे ५५ (अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेचं) ही घरातल्या आरामाची दोन्ही मानकं बसलेल्या माणसासाठी साधारण हीच मर्यादा धरतात.

काठी आधी सांगितली, कारण जमिनीत की छतात हा सगळा वाद शेवटी त्या सर्वांत खालच्या थर्मामीटरपाशी येऊन मिटतो. "गरम हवा वर जाते, म्हणून व्हेंट खालीच हवेत" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते खरं आहे, पण अर्धंच. २० अंशांच्या खोलीतल्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो असतं. ५० अंशांची हवा त्यापेक्षा साधारण ९ टक्क्यांनी हलकी असते. अशी हवा छतातून हळूहळू सोडली, तर ती पाण्यावरच्या तेलासारखी वरच तरंगत राहते. पण तिला वेग दिला, झोत खाली वळवला आणि खोलीतली गार हवा खालून काढून घेतली, तर छतातूनही खोली छान गरम होते. आणि जमिनीतला व्हेंट चुकीच्या जागी बसला, तर तो असून नसल्यासारखा. आम्ही एका भाड्याच्या घरात दोन हिवाळे काढले. निजायच्या खोलीतला एकुलता एक व्हेंट पलंगाखाली होता. रात्री हात खाली घातला की गादीचा तळ उबदार लागायचा आणि खिडकीकडचा पाय मात्र पांघरुणातही थिजलेला असायचा. पलंग हलवायला दुसरी भिंतच नव्हती.

म्हणून व्हेंटची जाळी, रंग, आकार हे सगळं शेवटी. आधी घर, मग यंत्र, मग खोली, मग परतीची हवा, म्हणजे खोलीतून जाळीवाटे पुन्हा यंत्राकडे जाणारी हवा. याच क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: डक्ट कुठून जाऊ शकतो ते बघा

बऱ्याच घरांत निम्मा निर्णय इथेच होऊन जातो. तळमजला जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर असेल, तर जमिनीतले व्हेंट विसरा. स्लॅब ओततानाच आत डक्ट टाकण्याची पद्धत आहे, पण अशा डक्टमध्ये ओल शिरते, पाणी साचतं, पत्रा गंजतो, आणि एकदा काँक्रीटमध्ये गेलेला डक्ट दुरुस्त करायचा म्हणजे जमीन फोडणं आलं. बांधून झालेल्या स्लॅबच्या घरात छत किंवा भिंत हेच पर्याय उरतात.

जमीन लाकडी असेल आणि तिच्याखाली माणूस रांगत जाऊ शकेल इतकी पोकळी किंवा तळघर असेल, तर जमिनीतले व्हेंट सहज शक्य आहेत. मात्र टॉर्च घेऊन स्वतः एकदा खाली बघाच. पाणी साचल्याच्या खुणा, उंदीर-घुशींची वाट, खूप कमी उंची, मधूनच गेलेले सांडपाण्याचे पाइप, यांतलं काहीही निघालं तरी बेत बदलावा लागतो. फ्लेक्सिबल डक्ट ओल्या मातीवर लोळत पडला तर त्याचं इन्सुलेशन (ऊब टिकवणारं आवरण) भिजतं, आणि भिजलेलं इन्सुलेशन नसल्यातच जमा.

वरच्या मजल्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या जमिनीत डक्ट घालायचा तर तो दोन लाकडी कड्यांच्या (जमीन पेलणाऱ्या तुळयांच्या) मधून, कड्यांना समांतरच न्यावा लागतो. आडवा नेण्यासाठी कडी कापायचा मोह होतो आणि इथे घराला कायमची इजा होऊ शकते. साध्या लाकडी कडीला भोक पाडायचं तर ते तिच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नसावं आणि वरच्या-खालच्या कडेपासून किमान ५० मिलिमीटर आत असावं, असा अमेरिकी घरबांधणी नियमांतला ठोकताळा आहे. कडीच्या मधल्या एक तृतीयांश भागात खाच तर पाडायचीच नाही. २०० मिलिमीटर उंचीच्या कडीतून १५० मिलिमीटरचा डक्ट आडवा जाऊच शकत नाही, हे गणित सुताराशी बोलायच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं. म्हणून दुमजली घरांत खालच्या मजल्याला जमिनीतून आणि वरच्या मजल्याला पोटमाळ्यातून छतातून, अशी मिश्र रचना बऱ्याचदा दिसते. ती तडजोड नाही, शहाणपणाचीच निवड आहे.

पोटमाळ्यात जायची सोय, उंची आणि तिथल्या इन्सुलेशनची जाडीही आताच पाहून ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: यंत्र किती गरम हवा देतं?

गॅसच्या फर्नेसमधून (गॅस जाळून हवा तापवणाऱ्या भट्टीतून) व्हेंटपाशी येणारी हवा साधारण ४५ ते ६० अंशांची असते. हीट पंपाची (उलट्या चालणाऱ्या एसीसारखं बाहेरची उष्णता आत आणणाऱ्या यंत्राची) हवा बहुधा ३० ते ४० अंशांची. वरवर हा लहानसा तपशील वाटतो, पण व्हेंट कुठे असावेत यावर त्याचा फार परिणाम होतो.

फर्नेसची हवा जास्त गरम, म्हणून जास्त हलकी. ती छतातून सोडली की खाली यायलाच तयार नसते. तिला जमिनीतूनच सोडणं सोपं. हीट पंपाची ३५ अंशांची हवा खोलीतल्या हवेपेक्षा फक्त ५ टक्क्यांच्या आसपास हलकी असते, त्यामुळे ती छतातूनही खोलीतल्या हवेत बरी मिसळते. पण तिची दुसरी अडचण आहे. आपल्या त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. ३५ अंशांचा झोत वेगाने थेट अंगावर आला, तर तो उबदार न लागता वाऱ्यासारखा गार लागतो. त्यामुळे हीट पंप असेल तर व्हेंट जमिनीत असो की छतात, झोत सोफ्यावर, पलंगावर किंवा टेबलाशी बसलेल्याच्या मानेवर येता कामा नये.

त्याच डक्टमधून उन्हाळ्यात थंड हवाही सोडणार असाल, तर पारडं छताकडे झुकतं. थंड हवा जड असते. छतातून सोडली की आपोआप खाली उतरते. जमिनीतून थंड हवा वरपर्यंत फेकायला बराच वेग लागतो, नाहीतर ती घोट्याशीच साचते. मी याबाबतीत असं म्हणेन: वर्षातले जास्त महिने जे यंत्र चालतं, त्याच्या बाजूने व्हेंट ठेवा आणि उरलेल्या ऋतूची उणीव परतीच्या जाळीने भरून काढा. ते कसं, ते चौथ्या पायरीत.

तिसरी पायरी: खोलीला किती हवा लागते?

हा हिशोब बहुतेक लोक ठेकेदारावर सोडतात. करू नका तसं, कारण सूत्र एका ओळीचं आहे:

खोलीत पोहोचणारी उष्णता (वॅट) = १.२ × हवा (सेकंदाला लिटर) × व्हेंटमधल्या आणि खोलीतल्या हवेच्या तापमानातला फरक.

समजा, एका खोलीतून कडाक्याच्या थंडीत १५०० वॅट उष्णता बाहेर जाते. खोली २० अंशांवर ठेवायची आहे. फर्नेसची हवा ५० अंशांची असेल तर फरक ३० अंश, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ लिटर हवा पुरते. हीट पंपाची हवा ३५ अंशांची असेल तर फरक १५ अंश, म्हणजे सुमारे ८३ लिटर. त्याच खोलीला थेट दुप्पट हवा!

आता डक्टकडे या. १५० मिलिमीटर व्यासाच्या डक्टमधून ४२ लिटर हवा सेकंदाला २.४ मीटर वेगाने जाते. कानाला जाणवतही नाही. त्याच डक्टमधून ८३ लिटर काढली तर वेग ४.७ मीटर होतो आणि निजायच्या खोलीत रात्री सूं असा आवाज येत राहतो. २०० मिलिमीटरचा डक्ट घेतला की वेग पुन्हा २.६ वर येतो. व्हेंटच्या जाळीतून बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ३.५ मीटरच्या आत ठेवावा. जमिनीतला १०० × ३०० मिलिमीटरचा व्हेंट घेतला तर पट्ट्यांची जागा वजा जाता त्यातली सुमारे दोन तृतीयांश जागाच उघडी असते. त्यातून ४२ लिटर आरामात जातात, ८३ लिटर जात नाहीत. दोन व्हेंट लागतात.

म्हणून जुनी फर्नेस काढून हीट पंप बसवताना "डक्ट आहेत तेच चालतील" असं कुणी म्हणालं, तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा. खोलीतून नेमकी किती उष्णता जाते हे मात्र भिंती, खिडक्या आणि छत मोजूनच काढावं लागतं. नुसत्या क्षेत्रफळावरून अंदाज देणाऱ्याला खोलीगणिक आकडे लिहून मागा. न देणारा माणूस व्हेंटची जागाही अंदाजानेच ठरवणार.

चौथी पायरी: परतीची हवा (हीच पायरी लोक गाळतात)

व्हेंटवर तासन्‌तास चर्चा होते आणि परतीची जाळी शेवटी कुठेतरी पॅसेजच्या छताला लावली जाते. माझ्या मते जमीन की छत यापेक्षाही हा प्रश्न मोठा आहे.

परतीच्या जाळीचं काम नीट समजून घ्या. ती लांबून हवा ओढत नाही. गोल तोंडाच्या डक्टने हवा ओढली तर तोंडापासून एका व्यासाइतक्या अंतरावरच वेग जवळजवळ एक दशांश होतो. फुंकर लांबून मेणबत्ती विझवते, पण श्वास आत ओढून ती कुणाला विझवता येत नाही, तसंच हे. मग जाळीच्या जागेने फरक कशाला पडावा? कारण खोलीतल्या हवेचा कुठला थर खोलीबाहेरच्या वाटेला लागतो, हे ती जाळी ठरवते. ती छतात असेल तर सर्वांत गरम थर निघून जातो. जमिनीलगत असेल तर सर्वांत गार थर निघून जातो आणि त्याच्या जागी वरची ऊब खाली सरकते.

ॲशरेच्या ६२.१ या वायुवीजनाच्या मानकात हे आकड्यांत मांडलेलं आहे. सोडलेली हवा माणसाच्या श्वासाच्या पट्ट्यात किती चांगली पोहोचते, याचा एक गुणांक त्यात असतो. १ म्हणजे पूर्ण मिसळ. छतातून खोलीपेक्षा ८ अंश किंवा त्याहून जास्त गरम हवा सोडली आणि छतातूनच परत घेतली, तर तो ०.८. छतातून गरम हवा सोडून जमिनीलगत परत घेतली तर १. जमिनीतून सोडून जमिनीलगतच परत घेतली तरी १. आणि जमिनीतून गरम हवा सोडून छतातून परत घेतली, तर सर्वांत वाईट, ०.७. मानक बाहेरच्या ताज्या हवेचं आहे, पण उष्णतेची वाटही तीच. ०.८ म्हणजे तेवढाच परिणाम साधायला सव्वापट हवा.

यातून निघणारा अर्थ मला फार मोलाचा वाटतो: छतातले व्हेंट आणि खालची परतीची जाळी ही जोडी, जमिनीतले व्हेंट आणि वरची जाळी या जोडीपेक्षा हिवाळ्यात सरस आहे. स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी जमिनीतले व्हेंट मिळत नाहीत म्हणून हळहळू नये. सगळा जोर परतीची जाळी भिंतीत खाली, स्कर्टिंगच्या जरा वर आणण्यावर द्यावा. पोटमाळ्यातून भिंतीच्या पोकळीतून किंवा कपाटाच्या कोपऱ्यातून डक्ट खाली आणता येतो.

थंड-गरम दोन्ही हवं असेल, तर एकाच परतीच्या डक्टला वर एक आणि खाली एक अशा दोन झडपेच्या जाळ्या लावता येतात. हिवाळ्यात वरची बंद, उन्हाळ्यात खालची बंद. वर्षातून दोनदा हात लावायचा, एवढंच.

दार बंद केलेल्या खोलीचं काय? व्हेंटमधून हवा आत येते, पण परतीची जाळी बाहेर पॅसेजमध्ये असेल तर तिला बाहेर पडायला वाट हवी. दाराखाली २० ते २५ मिलिमीटरची फट ठेवा किंवा भिंतीत आरपार जाळी बसवा. जाड गालिचा अंथरल्यावर ही फट उरते का, हे पुन्हा बघा. वाट नसेल तर खोलीत दाब वाढतो, व्हेंटमधून येणारी हवा कमी होते, आणि आलेली ऊब खिडक्यांच्या फटींतून बाहेर जाते.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, म्हणून ठळक सांगतो. गॅसवर चालणारी फर्नेस किंवा गिझर ज्या खोलीत आहे, त्या खोलीत परतीची जाळी कधीही लावू नका; गॅरेज, बाथरूम आणि स्वयंपाकघरातही नाही. पंख्याच्या ओढीने धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो. निजायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

पाचवी पायरी: जमीन ठरली, तर नेमकी जागा

जुन्या, एकेरी काचेच्या घरात जमिनीतल्या व्हेंटची उत्तम जागा खिडकीखाली. काचेला लागून थंड झालेली हवा जड होऊन खाली घसरते आणि जमिनीवरून सरपटत थेट घोट्यांपाशी येते. खिडकीखालून वर चढणारी गरम हवा तिला तिथेच गाठते. व्हेंटची लांबी खिडकीला समांतर ठेवा.

मात्र पडदे! जमिनीपर्यंत लोळणारा पडदा व्हेंटच्या पुढे आला तर सगळी ऊब पडदा आणि काच यांच्या मधल्या फटीत जाते आणि काचेतून बाहेर. व्हेंट भिंतीपासून इतका पुढे घ्या की पडदा त्याच्या मागे पडेल. आधीच बसलेला व्हेंट मागे असेल तर हवा खोलीकडे वळवणारी प्लॅस्टिकची वक्र टोपी मिळते, ती लावा.

दोन-तीन पदरी काचा आणि जाड इन्सुलेशन असलेल्या घरात खिडकीखालची सक्ती उरत नाही. तिथे काचेची आतली बाजू फारशी गार नसतेच. आतल्या भिंतीजवळ व्हेंट ठेवून डक्टची लांबी वाचवलेली जास्त फायद्याची.

कागदावर खोलीचा नकाशा काढून त्यावर पलंग, सोफा, कपाटं पेन्सिलीने मांडा आणि मगच व्हेंट मांडा. पलंग दुसऱ्या भिंतीला लावायची इच्छा झाली तर? ती दुसरी मांडणीही काढा. दोन्ही मांडण्यांत मोकळी राहणारी जागा, ती व्हेंटची. येण्याजाण्याच्या वाटेवर, दारासमोर आणि रांगतं मूल खेळतं त्या कोपऱ्यात धातूची तापलेली जाळी नको. बाथरूमच्या जमिनीतही नको, पाणी आत जातं. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटांच्या तळपट्टीत आडवा व्हेंट बसवता येतो. ती जागा नाहीतरी वाया जाते आणि उभं राहून काम करणाऱ्याच्या पायांना ऊब मिळते.

जमिनीतल्या व्हेंटमध्ये केस, धूळ, खेळण्यांचे तुकडे पडणारच. जाळी उचलून निघणारी घ्या, स्क्रूने पक्की केलेली नको. दर हिवाळ्याच्या आधी ती काढून हात पोहोचेल तिथवर व्हॅक्यूमने साफ करा.

सहावी पायरी: छत ठरलं, तर नेमका व्हेंट

छताला लागून आडवा सोडलेला झोत छताला चिकटून सरकत जातो. रुमानियाचे अभियंते हेन्री कोआंडा यांच्या नावाने याला कोआंडा परिणाम म्हणतात. थंड हवेसाठी हे वरदान आहे. ती खोलीभर पसरून अलगद उतरते. गरम हवेसाठी मात्र हाच सापळा. एकदा मी अगरबत्तीचा धूर अशा चौफेर डिफ्यूझरच्या (हवा चारही बाजूंना पसरवणाऱ्या छतातल्या व्हेंटच्या) कडेला धरला होता. धूर छतावरून सरळ चालत गेला, दाराच्या वरच्या चौकटीला टेकला आणि तिथून पॅसेजच्या छतातल्या परतीच्या जाळीत. खोलीत कुणी बसलंय याची त्या हवेला दखलच नव्हती.

म्हणून हीटिंगसाठी छतात असा व्हेंट घ्या, ज्याची पाती वळवून झोत खाली करता येतो. खाली झोतणारा गोल किंवा सरळ फटीचा डिफ्यूझर चालतो; फक्त आडवा पसरवणारा नको. विक्रेत्याच्या तक्त्यात 'थ्रो' नावाचा आकडा असतो: झोताचा वेग सेकंदाला ०.२५ मीटरवर येईपर्यंत तो किती लांब जातो ते अंतर. हे आकडे सहसा खोलीच्याच तापमानाच्या हवेवर काढलेले असतात. गरम हवा खाली सोडली की ती त्याहून कमी अंतर जाते, म्हणून छताच्या उंचीपेक्षा बराच जास्त थ्रो असलेला व्हेंट निवडा.

२.४ ते २.७ मीटर उंचीच्या छतातून हे सगळं जमतं. ३ मीटरच्या वर गेलात की अवघड होत जातं. तिथे जमिनीतून शक्य नसेल तर भिंतीत खाली बसणाऱ्या व्हेंटचा विचार करा, किंवा छताचा पंखा हिवाळ्यात उलट्या दिशेने, अगदी हळू फिरवून वरची ऊब भिंतीलगत खाली आणा.

छतातला व्हेंट खिडकी आणि बसायची जागा यांच्या मध्ये, झोत खिडकीच्या बाजूने खाली जाईल असा ठेवा. पलंगाच्या उशाशी वर नको. व्हेंटची पेटी आणि छत यांच्यातली फट सीलंटने बंद करणं अत्यावश्यक आहे. त्या फटीतून खोलीतली दमट, गरम हवा थंड पोटमाळ्यात जाते, तिथे पाणी धरते आणि छतावर डाग उमटतात. काम झाल्यावर बाजूला सारलेलं इन्सुलेशन पुन्हा पेटीवर नीट पसरलंय का, हे स्वतः चढून बघा.

सातवी पायरी: डक्टचं काम

छतात डक्ट असतील तर इन्सुलेशनवर हात आखडू नका. हिवाळ्याच्या रात्री पोटमाळा जवळजवळ बाहेरइतकाच गार असतो. जमिनीखालची पोकळी त्यामानाने सौम्य. अमेरिकेच्या एनर्जी स्टार उपक्रमाच्या म्हणण्यानुसार तिथल्या सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोकं आणि सैल जोड यांतून वाया जाते. म्हणजे व्हेंट जमिनीत की छतात यावर तुम्ही महिनाभर डोकं चालवून जे कमावलं, ते एका निसटलेल्या जोडाने घालवलं.

जोडांना मॅस्टिक (फटी बुजवणारा लेप) फासा किंवा डक्टसाठी प्रमाणित केलेली फॉइलची पट्टी लावा. कापडी 'डक्ट टेप' नावाला डक्टची आहे, डक्टवर ती टिकत नाही. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये वेगवेगळ्या पट्ट्या गरम-थंड चक्रांत तपासल्या, तेव्हा कापडी पट्टीच नापास झाली.

फ्लेक्सिबल डक्ट ताणून बसवायचा. लांब पडला तर कापायचा, गुंडाळी करून ठेवायचा नाही. आतल्या सुरकुत्या हवेला अडवतात. दर १.२ ते १.५ मीटरवर रुंद पट्टीचा आधार द्या आणि वळणाची त्रिज्या डक्टच्या व्यासापेक्षा कमी नको. प्रत्येक फाट्याला यंत्राजवळ डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) मागा. हवा व्हेंटपाशी अडवली तर शिट्टीसारखा आवाज येतो, लांब अडवली तर नाही.

आठवी पायरी: कापण्याआधी आणि झाल्यावर

जमीन किंवा छत कापण्याआधी मध्यभागी एक बारीक भोक पाडून वाकवलेली तार आत फिरवा. कडी, पाइप, वायर जे काही असेल ते तारेला लागेल. घर जुनं असेल तर जुन्या व्हिनाइल टाइल, खडबडीत रंगाचं छत आणि जुन्या डक्टची पांढरी गुंडाळी यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. नमुना प्रयोगशाळेत तपासून येईपर्यंत करवत लावू नका, घरात मुलं असतील तर मुळीच नाही.

काम पूर्ण झालं की ठेकेदार घरात असतानाच काठी काढा. प्रत्येक खोलीत दार बंद करून तिन्ही उंचीची तापमानं लिहा. वर गरम, खाली गार असेल तर आधी छताच्या पात्या खाली वळवा, मग परतीची जाळी आणि दाराखालची फट तपासा. तिन्ही आकडे सारखे पण कमी असतील तर खोलीला हवाच कमी पडतेय. डँपर उघडा, नाही जमलं तर डक्टची लांबी आणि सुरकुत्या बघा. एक खोली फार तापत असेल तर तिचा डँपर थोडा आवळा, पण वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट एकामागून एक बंद करत सुटू नका. डक्टमधला दाब वाढतो, गळती वाढते आणि फर्नेस जास्त तापून मध्येच बंद पडू लागते.

सगळं जुळलं की डँपरची स्थिती त्याच्या पत्र्यावर मार्करने आखून ठेवा आणि खोलीचं नाव लिहा. मग मोसमातली पहिली कडाक्याची रात्र येईल तेव्हा, पडदे ओढून, दारं लावून, काठी पुन्हा एकदा उभी करा. ठेकेदाराच्या हिशोबाची उरलेली रक्कम त्या रात्रीचे आकडे पाहूनच चुकती करायची, असं करारातच लिहून घ्या.